‘फ्लश’ हा शब्द मी उच्चारणार नाही

२ सप्टेंबर, सोमवार

लेकीच्या शाळेतून फोन. विज्ञानाचे सर. नववीच्या मुलांना निरनिराळ्या करिअरची ओळख करून देणार आहेत. दर शुक्रवारी एक तास, बोलायला पालकच. इंजिनिअरिंगला दोन शुक्रवार दिलेत. मी येईन का, असं विचारत होते.

लगेच हो म्हटलं नाही. कामं बघून सांगतो म्हणालो. फोन कानाला धरूनच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि हो म्हटलं.

बोलता बोलता सर म्हणाले, आधी पूल बांधणाऱ्या एका वडिलांना विचारलं होतं, मग विमानाच्या कारखान्यातल्या एका आईला. दोघांनाही वेळ नाही. म्हणजे शेवटच्या तिघांत मी होतो. समाधान वाटलं.

मामला गंभीर आहे. शाळेत एक जुनं वर्कशॉप आहे. पुढच्या सत्रासाठी निदान पंधरा मुलांनी तो विषय घेतला नाही, तर मोठ्या बाई (म्हणजे मुख्याध्यापिका, सगळे मोठ्या बाईच म्हणतात) तिथे मोडक्या खुर्च्या भरून कुलूप लावणार. आत्तापर्यंत एकाही मुलाने घेतलेला नाही. सरांचा आवाज जरा कापरा झाला होता. मी म्हटलं, काळजी सोडा. पंधरा काय, तीस देतो.

संकल्प : रोज पहाटे पाचला उठून तयारी.

३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी आठ

अलार्म चुकीचा लागला असावा.

रात्री, जेवण झाल्यावर

जेवताना घरात जाहीर केलं. लेकीला ठसका लागला. पाणी प्यायली, परत ठसका लागला. मग म्हणाली, "बाबा, तू फ्लशबद्दल बोलणार नाहीस ना?"

वाईट वाटलं. माझ्या कार्डावर स्वच्छ छापलंय : वरिष्ठ अभियंता, प्रवाह नियंत्रण. आता प्रवाह नियंत्रणात संडासाच्या टाकीतला वॉल्व्हही येतो, हे मान्य. आमच्या कंपनीत तोच येतो, हेही मान्य. पण म्हणून माणसाला एका शब्दात गुंडाळायचं?

लेकीला वचन दिलं. ‘फ्लश’ हा शब्द मी उच्चारणार नाही. ती म्हणाली, "संडासही नाही." दिलं तेही. "टाकीपण नाही." हे जरा जड गेलं, पण दिलं.

बायकोने विचारलं, "मग तुम्ही तासभर बोलणार काय?" पूल, रॉकेट, रोबो, असं सांगितलं. तुम्हाला त्यातलं काय येतं, असं तिने विचारलं नाही. नुसतं बघितलं. औषधाच्या दुकानात बसून बसून तिला असं बघायची सवय लागली आहे, चिठ्ठीशिवाय गोळ्या मागणाऱ्याकडे बघतात तसं.

सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, इंजिनिअरिंग करताच आहात, तर मिक्सरचं तेवढं बघा ना." मिक्सर दोन महिने बंद आहे. मी म्हटलं, माझी शाखा वेगळी.

५ सप्टेंबर, गुरुवार

स्लाइड्स तयार. एकशे बारा. वाफेच्या इंजिनापासून मंगळावरच्या गाडीपर्यंत. मंगळाची गाडी सत्त्याऐंशीव्या स्लाइडवर येते, तिथे मुलं उभी राहून टाळ्या वाजवतील असा अंदाज.

बायकोसमोर रंगीत तालीम घेतली. नवव्या स्लाइडला तिने डोळे मिटले. एकाग्रता. बाविसाव्याला घोरायला लागली. दिवसभर दुकानात उभी असते बिचारी. विषयाचा काही दोष नाही.

८ सप्टेंबर, रविवार

मिक्सर उघडला. बाकी इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. तासाभरात पूर्ण खोलला आणि दोन तासांत पूर्ण जोडला. एक स्प्रिंग, दोन स्क्रू आणि एक काळी चकती उरली. कमी भागांत तेच काम होणं यालाच उत्तम डिझाइन म्हणतात.

चालू केला. फिरतो, पण उलटा. झाकण छताला लागून सासूबाईंच्या ताटात पडलं. त्या ताट उचलून आतल्या खोलीत गेल्या.

९ सप्टेंबर, सोमवार

बायकोने नवीन मिक्सर आणला. जुना मी ‘अभ्यासासाठी’ ठेवून घेतला.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

पहिला तास झाला. एकंदर उत्तम.

तपशील : प्रोजेक्टर आमच्या लॅपटॉपला जोडला जाईना. सरांनी तीन वायरी बदलल्या. मी मुलांना म्हटलं, बघा, हीच ती समस्या सोडवण्याची वृत्ती. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलाने येऊन लॅपटॉपचं एक बटण दाबलं आणि चित्र आलं. यात वेळ गेला, म्हणून एकशे बारापैकी एकतीसच स्लाइड्स झाल्या. मंगळापर्यंत पोचलो नाही. वाफेतच घंटा झाली.

मुलं अत्यंत शांत होती. काही तर डोकं बाकावर टेकवून शांत होती.

प्रश्नोत्तरात एकच हात वर. पहिल्या बाकावर एक बारकी मुलगी, दोन वेण्या, चष्मा. वर्गात तिला प्रश्नपेटी म्हणतात, हे लेकीकडून नंतर कळलं. तिने विचारलं, "काका, हे सगळं दुसऱ्यांनी बनवलंय. तुम्ही काय बनवता?"

मी : प्रवाह नियंत्रणाची साधनं.

ती : म्हणजे कसली?

मी : द्रवाच्या वहनाचं नियमन करणारी.

ती : कुठल्या द्रवाच्या?

मी : पाण्याच्या.

ती : ते पाणी कुठे असतं?

लेक तिसऱ्या बाकावर. तिने वहीत तोंड खुपसलं होतं. मी म्हटलं, घरोघरी असतं. प्रश्नपेटीने चष्मा वर सरकवला. मग म्हणाली, "फ्लश!"

अख्खा वर्ग जागा झाला. काका, ते पाणी आपोआप थांबतं कसं? काका, दोनदा दाबलं तर दुसऱ्यांदा का येत नाही? काका, माझ्या मावशीकडे रात्रभर आवाज येतो, भूत आहे का? निदान वीस हात वर. मी दिलेलं वचन पाळलं. गंभीर चेहऱ्याने सांगितलं की हे प्रश्न आजच्या विषयाच्या बाहेरचे आहेत. पुढच्या तासाला रोबो दाखवीन.

मुलांमध्ये गांभीर्य कमी आहे. हीच आजच्या पिढीची अडचण.

तास संपल्यावर सरांनी विचारलं, वर्कशॉपला कोण कोण येणार? कोणीच हात वर केला नाही. सरांनी माझ्यासाठी चहा मागवला होता. तो आलाच नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

लेकीने बातमी आणली. शेजारी नववीच्या दुसऱ्या तुकडीत काल दातांच्या डॉक्टरीणबाई बोलत होत्या. तिथल्याच एका मुलाची आई. त्यांनी प्रत्येक मुलाला प्लास्टरचा एक एक दात दिला. घरी न्यायला! आता निम्मा वर्ग दातांचा डॉक्टर होणार म्हणतोय.

ही लाच आहे. मी असल्या मार्गाने जाणार नाही.

दुपारी : रोबोच्या हाताचं किट मागवलं. दात काय, इथे अख्खा हात आहे.

१७ सप्टेंबर, मंगळवार

किट आलं. योजना अशी : येत्या शुक्रवारी मोठ्या बाईंना तासाला बोलवायचं. यंत्राचा हात त्यांना पाण्याचा ग्लास उचलून देईल. बाई पितील. टाळ्या. वर्कशॉप वाचलं.

खोक्यात माहितीपुस्तिका आहे. लेक म्हणाली, मी वाचून सांगू का? मी म्हटलं, अभ्यास कर. आणि खरा इंजिनिअर पुस्तिका वाचत नाही, हातांनी विचार करतो. ती दारात थोडा वेळ उभी राहिली. मग गेली.

हाताचं नाव ‘मदतनीस’ ठेवलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

मदतनीस उभा राहिला. सध्या फक्त सलाम करतो. सांगितलं नाही तरी करतो. सासूबाई पाणी प्यायला उठल्या, त्यांना सलाम केला. त्या किंचाळल्या. आता त्याच्यावर चादर टाकून ठेवलाय. चादरीतूनही करतो.

१९ सप्टेंबर, गुरुवार

मदतनीस ग्लास उचलायला लागला! दहापैकी चार वेळा. उरलेल्या सहा वेळा फरशी धुऊन निघते. बायको म्हणाली, उद्या रिकामा ग्लास वापरा. मी म्हटलं, रिकाम्या ग्लासात कसलं आलंय प्रात्यक्षिक? विज्ञानात धाडस लागतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

दुसरा तास. तांत्रिक अडचणी आल्या, पण अनुभव मोलाचा.

मोठ्या बाई आल्या. पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसल्या. उंच, कडक, चष्म्याला साखळी. मी दोन मिनिटं प्रस्तावना केली (सर म्हणतात सतरा). मग बटण दाबलं.

मदतनीसाने आधी सलाम केला. मुलं खूश. बाईसुद्धा किंचित हसल्या. मग तो ग्लासाकडे वळला, ग्लास त्याने उचलला, बाईंच्या दिशेने नेला आणि थांबला. मी परत बटण दाबलं. इथे दोन मतं आहेत. सरांच्या मते मी परत दाबायला नको होतं. माझ्या मते बॅटरी निकृष्ट होती. मदतनीसाने ग्लास खाली ठेवला, बाईंचा चष्मा उचलला आणि ग्लासात बुडवला.

चष्म्याला साखळी असल्यामुळे बाईही थोड्या पुढे आल्या.

मी वायर ओढली. त्याने शेवटचा एक सलाम केला आणि थांबला. मग प्रश्नपेटी म्हणाली, "काका, त्यापेक्षा फ्लशचं सांगा ना."

बाईंनी चष्मा बाहेर काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. "इंजिनिअरिंगची ओळख झाली," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

वर्कशॉपला तिघांनी हात वर केले. त्यातल्या एकाला वाटलं होतं की हे दातांच्या डॉक्टरांसाठी आहे. कळल्यावर त्याने खाली घेतला. लेकीचा हात वर नव्हता. गर्दीत मला दिसला नसेल.

२१ सप्टेंबर, शनिवार

लेक बोलत नाही. परीक्षेचं टेन्शन असावं. परीक्षा कधी आहे, असं बायकोला विचारलं. ती म्हणाली, आत्ता कुठली परीक्षा?

संध्याकाळी लेकीच्या खोलीच्या दाराशी गेलो. म्हटलं, रोबो जमला नाही म्हणून काय झालं, तू इंजिनिअरच होणार. ती म्हणाली, "बाबा, मला अजून काहीच ठरवायचं नाहीये. आणि प्लीज आता शाळेत येऊ नकोस." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

संकल्प : शाळेचा विषय बंद. आपलं ऑफिस बरं.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आजचा दिवस साफ वाया गेला. सविस्तर लिहून ठेवतो, नंतर कोणी काही वेगळं सांगू नये म्हणून.

अकराच्या सुमाराला सरांचा फोन. पहिल्या मजल्यावरच्या शिक्षकांच्या संडासातून पाणी बाहेर येतंय, खाली मोठ्या बाईंच्या केबिनच्या छतातून ठिबकतंय, प्लंबर संध्याकाळशिवाय येणार नाही. तुम्ही ताबडतोब या. मी म्हटलं, मी का? सर म्हणाले, "मुलांनीच ती टाकी उघडली. तुमची मुलगीही त्यात आहे."

साहेबांना ‘साइट व्हिजिट’ सांगून निघालो. टायसकट.

पोचलो तर कॉरिडॉरमध्ये घोट्यापर्यंत पाणी. भिंतीला लागून पाच मुलं ओळीने उभी, निथळत. सगळ्यांत पुढे प्रश्नपेटी, वेण्यांतून पाणी गळतंय. तिच्या शेजारी आमची लेक, हातात पाना. पाना माझा! घरच्या पेटीतला. मोठ्या बाई समोर उभ्या, खांद्यावर छताचा ओला चुना.

बाई म्हणाल्या, "हे यांनी मुद्दाम केलंय. पालकांना बोलावणार. आणि ते वर्कशॉप आजच बंद."

प्रश्नपेटी म्हणाली, "मुद्दाम नाही केलं, बाई. पाणी कसं थांबतं ते बघायचं होतं. काका सांगतच नव्हते."

आता यात माझं नाव घ्यायची काय गरज होती?

बाईंनी विचारलं, ही गळती बघायला दुसरं कोणी मिळालं नाही का? तेव्हा लेक बोलली. अख्ख्या कॉरिडॉरसमोर, मान वर करून. "माझ्या बाबांना येतं. माझे बाबा हेच बनवतात. फ्लश."

मी चकित. तीन आठवडे मी एक शब्द तोंडातून जाऊ दिला नाही आणि हिने सरळ सांगून टाकलं! वचनाला काही अर्थ राहिला नाही. तिच्या हातातला पाना घेतला.

आत गेलो. टाकीच्या खालचा नळीचा नट यांनी सोडवला होता, त्यातून धार लागली होती. भिंतीलगतचा कॉक बंद केला. धार थांबली. लहान मूलही करू शकलं असतं, फक्त कॉक टाकीच्या मागे असतो हे माहीत पाहिजे. नट बसवला, कॉक सोडला. टाकी भरायला लागली. निघणार होतो.

इतक्यात पाठीमागून प्रश्नपेटी : "काका, आता ही भरली की पाण्याला कोण सांगतं, थांब म्हणून?"

मी म्हटलं, कोणी सांगत नाही. पाणी स्वतःच स्वतःला थांबवतं.

"कसं?"

आता टाकीचं झाकण उघडंच होतं. म्हटलं, दोन मिनिटांत सांगून मोकळं व्हावं. हा पोकळ गोळा बघा. पाणी चढलं की हा तरंगतो, वर येतो. त्याला ही दांडी. गोळा वर आला की दांडी इकडे दाबते आणि पाण्याचं तोंड बंद. पाण्याने स्वतःच्याच हाताने दार लावून घेतलं. वीज नाही, बॅटरी नाही. घरातली सगळी माणसं झोपली तरी हे आपलं काम करतं.

एक मुलगा म्हणाला, परत करा. परत केलं. लेकीने टॉर्च धरला. मग तळाची रबरी चकती दाखवली. पाणीच तिला वरून दाबून धरतं, म्हणून भरलेली टाकी गळत नाही. दट्ट्या दाबला की चकती उचलली जाते. सगळं पाणी गेलं की ती आपल्या जागेवर येऊन बसते, आणि म्हणूनच टाकी परत भरेपर्यंत दुसऱ्यांदा दाबून उपयोग नसतो. एकाच्या मावशीकडचं भूतही समजावलं. चकतीखाली कचरा अडकला असणार, मावशीला म्हणावं एकदा पुसून घे. वॉल्व्ह आमच्याच कंपनीचा, डिझाइन माझं. आता लेकीने बोभाटा केलाच होता, म्हणून तेही सांगितलं. टाय मध्ये मध्ये येत होता, खिशात कोंबला. बसायला दुसरं काही नव्हतं, म्हणून संडासाच्या झाकणावर बसून बोललो.

मान वर करून बघतो तर दारात, कॉरिडॉरमध्ये, एकमेकांच्या खांद्यांवरून डोकावत अख्खा वर्ग. दुसऱ्या वर्गाचीही पोरं. मधल्या सुट्टीची घंटा झाली, कोणी हललं नाही. शिस्त म्हणून नाहीच. मोठ्या बाईसुद्धा मागे उभ्या होत्या, त्यांना हाकलायचं सोडून. उलट त्यांनीच विचारलं, "मग माझ्या घरची टाकी सकाळी दोनदा का दाबावी लागते?" मी म्हटलं, चकतीची साखळी ढिली असेल. एक कडी आखडून घ्या. त्यांनी मान हलवली.

असा सगळा वेळ गेला. मंगळाची गाडी दाखवायची चांगली संधी होती, लॅपटॉप बॅगेत होता, पण तिथे प्लग नव्हता. इंजिनिअरिंगबद्दल एक अक्षर सांगायला मिळालं नाही.

घरी येताना लेक बरोबर होती. दोघांचेही बूट पचपच वाजत होते. ती म्हणाली, "बाबा, तू हे आधीच का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, वचन. ती हसायला लागली आणि थांबेचना. बहुधा सर्दी झाली असावी.

२५ सप्टेंबर, बुधवार

सर्दी मला झाली.

बिछान्यात पडून विचार केला. वर्कशॉप गेलं. माझ्यामुळे नव्हे, पण गेलं. मदतनीस माळ्यावर टाकला. सासूबाईंनी स्वतः शिडी धरली.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

सरांचा फोन. मी आधीच दिलगिरीची तयारी ठेवली होती. बॅटरी बनवणाऱ्यांच्या वतीने.

सर फोनवर ओरडलेच. एकतीस मुलं! दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मुलानेही वर्कशॉप घेतलं. बेंच कमी पडणार. मोडक्या खुर्च्या मोठ्या बाईंनी स्वतः बाहेर काढायला लावल्या, आणि घरची साखळी एक कडी आखडून घेतली, चाललं, असा निरोपही दिला.

तीस म्हटलं होतं, एकतीस दिले. मी मनाशी विश्लेषण केलं. पहिल्या तासाच्या एकतीस स्लाइड्स आणि एकतीस मुलं, हा योगायोग म्हणता येणार नाही. विचार असा आत मुरायला वेळ लागतो.

लेकीला विचारलं, तू काय घेतलंस? म्हणाली, वर्कशॉप. मी तिला म्हटलं, कोणत्या स्लाइडने तुझं मन वळवलं? खरं सांग. तिने माझ्याकडे बघितलं. अगदी आईसारखं.

सात ऑक्टोबरला पहिला तास. सर म्हणाले, तुम्ही आलात तर बरं होईल. उद्घाटनच असणार. भाषण लिहायला घेतोय. विषय : ‘द्रष्टा अभियंता आणि समाज’.

५ ऑक्टोबर, शनिवार

भाषण पूर्ण. चाळीस मिनिटं. नवा टाय. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी मध्येच कानातलं मशीन काढून ठेवलं. मशीनची बॅटरीही निकृष्ट दिसते.

७ ऑक्टोबर, सोमवार

शाळेत वेळेआधी पोचलो. स्टेज नव्हतं. फीत नव्हती. सगळे स्टूल भरलेले. मागे भिंतीपाशी एक उलटी बादली होती, सर म्हणाले बसा. बसलो. प्रास्ताविक चाललं असेल असं वाटलं.

मधल्या टेबलावर काहीतरी करवतीने उभं कापून ठेवलेलं होतं, आतलं सगळं दिसेल असं. नीट बघितलं. माझा वॉल्व्ह! त्या टाकीतला. जुना काढून शाळेने नवीन बसवलाय. दुसऱ्या कंपनीचा.

फळ्यापाशी आमची लेक. एका हातात खडू, एका हातात माझी रबरी चकती. शेजारी प्रश्नपेटी, हातात निळ्या शाईची बाटली. वॉल्व्ह काढण्याआधी त्यांनी म्हणे टाकीत शाई ओतली आणि कोणीही दट्ट्या दाबू नये अशी पाटी लावली. थोड्या वेळाने खाली बघितलं तर भांड्यातलं पाणी निळं. म्हणजे टाकी आतल्या आत गळते. आवाज न करता. शाळेच्या सगळ्या टाक्यांत हेच. लेकीने फळ्यावर गणित मांडलं आणि महिन्याला किती पाणी फुकट जातं ते लिहिलं. मुलं "बापरे" म्हणाली. दोनतीन जणांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं.

मग तिने चकतीची कड वाकवून दाखवली. म्हणाली, "डिझाइन करणाऱ्याला वाटलं की रबर कायम सपाट राहील. पण पाण्यात राहून राहून कड वर वळते. इथे बघा. केसाएवढी फट. त्यातून जातं."

मी खाली वाकून बघितलं. फट होती.

याला उत्तरं आहेत. त्या वेळी दुसरं रबर मिळत नव्हतं. चाचणी आम्ही सहाच महिने केली होती. आणि थोडी गळती ही एका दृष्टीने टाकीला ताजं पाणी देते. मी हात वर केला.

लेक फळ्याकडे तोंड करून लिहीत होती. न वळताच म्हणाली, "मागच्यांनी प्रश्न शेवटी विचारायचे."

मी हात खाली घेतला.

शेवट आला तेव्हा तिने विचारलं, "हं, बाबा, काय होतं?" एकतीस तोंडं माझ्याकडे. चाळीस मिनिटांचं भाषण खिशात. पण मघापासून डोक्यात ती फटच फिरत होती, त्यामुळे तोंडून भलतंच निघालं. म्हटलं, "मग चकती कशी पाहिजे होती?"

ती म्हणाली, "अजून माहीत नाही. तेच वर्षभर करायचंय."

सगळे कामाला लागले. कोणी रबर कापतंय, कोणी मोजतंय. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. निघताना सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, दर सोमवारी येत चला. चाचणीसाठी टाकी सारखी भरावी लागणार, नळ लांब आहे, पाणी आणून ओतायला एक मोठं माणूस लागेल. मी म्हटलं, कामं बघून सांगतो. कॅलेंडर जवळ नव्हतं, म्हणून लगेच हो म्हटलं.

अट एकच आहे. लेकीने घातली आहे. पाणी ओतायचं, बोलायचं नाही.

बादली मी घरून नेणार. शाळेची गळते.